मारुतीचा शनिवार

“आई, मेरा भी उपास है,” असं म्हणून चार वर्षांच्या वैभवीनं वरणभाताचं ताट सरळ आजीकडे ढकललं.

“बघ, याला म्हणतात संस्कार!” इंदिराबाई सुनेला कौतुकानं म्हणाल्या. मेघनाच्या काळजात मात्र धस्स झालं. आठवड्यातला लेकीचा हा तिसरा उपास. शाळेतून डबा भरलेलाच परत येत होता, आणि फ्रॉक खांद्यावरून घसरत होता.

दोष कुणाला द्यायचा? सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेले तीन दिवस ॲसिडिटीचे. मेघनाच्या उपासाला साबुदाणासुद्धा चालत नसे. तिला अन्नाचीच भीती वाटायची. एकेका शिताबरोबर आपण फुगत चाललो आहोत असं वाटायचं. डॉक्टरांच्या लेखी हा आजार होता; हिंदी मुलखातल्या त्यांच्या कांचघर मोहल्ल्यात पुण्य. शेजारणी आपापल्या सुनांना तिचं दर्शन घ्यायला पाठवायच्या. देव बिचारे बोलत नाहीत, म्हणून निभावलं होतं.

महिन्यापासून ती चोरून शहरातल्या राइट टाउन भागात समुपदेशक प्रणोती दीदींकडे जायची. दीदींनी एकच सांगितलं होतं, “मुलगी तुमचं ऐकत नाही, तुमचं ताट बघते. तिच्यासोबत जेवा. भाषण नको.”

मेघनानं लेकीचं ताट पुढ्यात ओढलं. भात कालवला.

“अगं, काय करून राहिली? आज शनिवार!” इंदिराबाई ओरडल्या.

“आई, मारुती ब्रह्मचारी माणूस. लेकराला भरवणं त्याला काय माहीत?”

पहिला घास तिनं तोंडात घातला. तिनं डोळे मिटून तो गिळला. डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती हसली. दुसरा घास घेतला. वैभवी टक लावून बघत होती. तिसऱ्या घासाला ती सरकत आली, आईच्या मांडीला टेकली आणि तिनं आ वासला.

इंदिराबाई उठल्या. मेघनानं मान खाली घातली. आता देवांची, माहेरची, सगळ्यांची नावं निघणार. पण त्या स्वयंपाकघरातून रिकामं ताट घेऊन आल्या आणि नातीशेजारी मांडी घालून बसल्या.

“मलाही वाढ. दोनच घास, जास्त नको,” भाताकडे न बघता त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं झाली, मीही भाताला भिऊनच देवांच्या नावावर बिल फाडून राहिली.”