हॉकिन्सचा भरदार सूर

तबकडी फिरू लागली तसा हरिहरने कान खाजवल्यासारखं केलं आणि आतलं यंत्र बंद केलं. मुंबईहून गुपचूप आणलेलं, कानाच्या आत दडून बसणारं यंत्र. त्यातून बोलणं कळायचं, पण सॅक्सोफोन लागला की पोत्यात भांडी भरून कुणी जिना उतरतोय असं वाटायचं. म्हणून गाणं सुरू झालं की तो ते बंदच करी. मग निदान मागचा ढोल तरी छातीत धपधपायचा. तेवढ्यावर त्याचा रविवार निघे.

आज तेही नाही. सुई तबकडीवर टेकलेली त्याला दिसत होती. मोरेश्वर डोळे मिटून मान डोलावत होता. उमा पदर कानावरून सारखा करून गुडघ्यावर बोटं वाजवत होती. आणि हरिहरच्या छातीत काही म्हणजे काही नव्हतं. उरलंसुरलंही गेलं, त्याच्या मनात आलं.

तिघं एका शाळेतले. मोरेश्वर जहाजावर नोकरीला गेला आणि येताना जाझच्या तबकड्या घेऊन आला, तेव्हापासून शिरगावातल्या त्याच्या माडीवर दर रविवारी ही बैठक. रत्नागिरीत या संगीताचं नाव काढलं तर लोक चेहऱ्याकडे बघत राहतात, त्यामुळे तिघांना एकमेकांशिवाय गत नव्हती. रीत ठरलेली. तबकडीचं वेष्टन उशीच्या अभ्र्यात लपवायचं. वाजून संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग वाजवणारा कोण ते ओळखायचं आणि यथेच्छ भांडायचं. मोरेश्वर सॅक्सोफोनवाल्या कोलमन हॉकिन्सचा भक्त. हरिहर लेस्टर यंगचा. उमा दोघांनाही झोडपायची.

पूर्वी चौथा रघू होता. त्याने एकदा क्लॅरिनेटला सॅक्सोफोन म्हटलं. “रघ्या, आता तू भजनाला जा,” असं कुणीतरी म्हणालं आणि तिघं पोट धरधरून हसले. रघू पुन्हा माडी चढला नाही. त्या वेळी ती गंमत वाटली होती. आता हरिहरला ती अंथरुणात आठवायची आणि घाम फुटायचा. बायको गेलेली, मुलगा दोहाला, फोनवर त्याचं निम्मं बोलणं कळायचं नाही. कलमांच्या बागेत दिवसभर वानरांवर ओरडायचं, तेवढाच काय तो संवाद. हा रविवार गेला तर माणसात बसायचं म्हणून काही उरणार नव्हतं.

यंत्र चालू करावं का? मागे एकदा ते भलत्या वेळी शिट्टी वाजवून बसलं होतं. प्रेशर कुकरवर ढकलून वेळ मारून नेली, पण कुकर रोज कुठून आणणार? त्याने यंत्राचा नाद सोडला आणि दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर नजर लावली. मोरेश्वरची मान संथ हलतेय. म्हणजे गाणं संथ. चेहरा तूप खाल्ल्यासारखा. म्हणजे त्याचा देवच असणार. चुकलं तर चुकलं. बुडत्याला दुसरा कसला आधार?

मोरेश्वरने सुई उचलली. हरिहरचा हात कानाकडे गेला, यंत्र चालू झालं.

“बोला,” मोरेश्वर म्हणाला.

“हॉकिन्स,” हरिहर म्हणाला. त्याने घसा खाकरला. “सूर बघ ना कसा भरदार. रापणीला मासळीने जाळं भरून यावं तसा.”

“बरोब्बर,” मोरेश्वर खुशीत म्हणाला. “हरीच्या तोंडून हॉकिन्सची तारीफ. आज काय खरं नाही.”

“शेवटाला मात्र घाई केलीन त्याने,” उमाने नाक मुरडलं.

“घाई नाय गं ती. श्वास घेतलान तिथे,” हरिहर बोलून गेला, आणि मोरेश्वर टाळी देत म्हणाला, “श्वासच. मला ऐकू आला ना.”

हरिहर टेकून बसला. वाचलो. आणखी एक रविवार पदरात पडला होता. पुढच्याचं पुढे.

मोरेश्वरची सून मृणाली चहा घेऊन दारात कधीची उभी होती. तिने ट्रे ठेवला, वाकून शोकेसच्या मागे हात घातला आणि सुटलेली वायर बाहेर ओढली.

“बाबा, खाली काय ऐकू येईना म्हणून बघायला आले,” ती म्हणाली. “सकाळी पुसताना स्पीकरची वायर काढलेली मी. लावायची राह्यलीच. आवाज कसा येत होता तुमच्याकडे?”

तिने तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. ती वायर खोचून, जरा बावरून खाली निघून गेली.

हरिहरचे कान तापले. संपलं सगळं. भरदार सूर, जाळं, श्वास, काय काय बरळलो आपण. आता हे दोघं हसतील आणि ते हसणं तरी नीट ऐकू येईल, एवढीच यंत्राची कृपा. त्याने कोपऱ्यातली छत्री उचलली. कुणाकडे न बघता तो जिन्यापाशी गेला आणि कठड्याला हात लावून थांबला, त्यांचं हसणं ऐकू येण्याची वाट बघत.

हसलं कुणी नाही. त्याने मागे वळून पाहिलं. मोरेश्वर रिकाम्या फिरणाऱ्या तबकडीकडे बघत बसला होता. उमा मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“माझे कान शिमग्यातच गेले,” ती म्हणाली. “तुम्हा दोघांचे कधी?”