मुखेडचा सांगावा

निजामाच्या अमलात नांदेडला पटकीची साथ आली, तेव्हा दवाखान्याचे मोठे डॉक्टर शरदचंद्र यांच्या हाताशी केवळाबाई ही एकच नर्स उरली होती. बाकीच्या भीतीनं गावी निघून गेल्या होत्या.

एका सकाळी मुखेडहून माणूस आला. "केवळाबाईची लेक गेली, साहेब. मातीला बोलावलंय."

डॉक्टरांनी भरलेल्या वॉर्डाकडं पाहिलं. "बाईंना मी सांगतो," म्हणून त्यांनी त्याला परत लावून दिलं. पण सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्यांना केवळाबाईंच्या तोंडाकडं बघवेना.

साथ ओसरल्यावर मात्र त्यांनी बाईंना बोलावलं, कसंबसं सगळं सांगितलं आणि हात जोडले.

केवळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.


"त्यो आधी मलाच भेटला होता, साहेब. तुमी मला जा म्हनताल, ह्याचंच भ्या वाटत होतं."