दाखवण्यापुरता बाजार

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे, ताई,” भाऊ म्हणाला. “सकाळी शटरं वर, संध्याकाळी खाली. पुढचं मी बघतो.”

ताई बटणांचे खोके पुसत होती. बटणं, लेस, चेन, अस्तर. रांगेत तेवढं एकच दुकान चालू होतं. बाकीच्या शटरांवर धुळीचे थर होते. सगळे गाळे वडिलांमागे भावाच्या नावावर झालेले. सख्खी बहीण असून तीही त्याला भाडं देत होती.

रस्ता रुंद झाला तेव्हा भावानं भाडी एकदम वाढवली. आधी टेलरकाका गेले. घरीच मशीन टाकून बसले. ते गेल्यावर अस्तर मागायला कोण येणार? कपडे शिवायला टाकायचे आणि जाता जाता शेजारी चपला बघायच्या, अशी बायकांची सवय होती. त्या यायच्या थांबल्या, तशी चपलावालीही उठली. मग फ्रेमवाला. दर वेळी ताई भावाला म्हणायची, भाडं थोडं उतरव, माणसं परत येतील. त्याचं उत्तर ठरलेलं. “एक गाळा कमी भाड्यात दिला की सगळ्या रांगेचा भाव पडतो. त्यापेक्षा रिकामा परवडला.”

आता अख्खी रांग घेणारा एक जण भेटला होता. पण त्याला चालता-बोलता बाजार हवा होता. भावानं फोनवर ठोकून दिलं होतं, पाय ठेवायला जागा नसते म्हणून. तो माणूस उद्या बघायला येणार होता.

“आणि विकल्यावर माझं दुकान?”

“तू आता दमलीस, ताई. घरी बस. मी आहे ना.”

ताईनं फडकं झटकलं. “बरं. किल्ल्या ठेवून जा. माणसं मी गोळा करते.”

एवढ्या लवकर ती ऐकेल असं भावाला वाटलं नव्हतं. तो क्षणभर घुटमळला, मग किल्ल्यांचा जुडगा काउंटरवर ठेवून गेला.

टेलरकाकांचं मशीन घरात कॉट आणि कपाटाच्या मधल्या सांदीत होतं. कापड पसरायचं तर सुनेला कॉटवरून उठवावं लागे. ताईचं बोलणं ऐकून ते हसले.

“नाटकात काम करायचं वय राहिलं नाही माझं, पोरी.”

“नाटक कोण करायला सांगतंय? दुकान लावायचंय. सगळं सामान घेऊन या.”

“एका दिवसासाठी सगळं?”

“इस्त्रीसकट.”

काकांनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग सुनेला टेम्पो बोलवायला सांगितला. सुनेला आनंद काही लपवता आला नाही.

सकाळी शटरं कुरकुरत वर गेली. चपलावालीनं पदर खोचून गाळा झाडला. फ्रेमवाल्यानं जाळी काढून बल्ब लावले. काकांनी मशीन उजेडाला ओढलं आणि तेल घातलं. पहिला तास सगळे नुसते एकमेकांची तोंडं बघत बसले. मग ऑफिसला निघालेला एक जण थबकला. “उघडलं का पुन्हा?” त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पॅन्टची उंची कमी होईल का म्हणून आत शिरला. त्याच्यामागून दोन बायका. त्यांच्यामागून त्यांच्या नणंदा. दुपारपर्यंत ताईला पांढऱ्या बटणांचे खोके माळ्यावरून काढावे लागले.

घेणारा आला तेव्हा त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तो गर्दीतून अंग चोरत फिरला. भाऊ मागून हसतमुखानं. निघताना गाडीचं दार धरून घेणारा म्हणाला, “पसंत आहे. आता भागीदारांना घेऊन येतो. सांगून मात्र येणार नाही. सांगून आलं की सगळेच बाजार छान दिसतात.” तो हसला. भाऊही हसला, पण जरा उशिरा.

संध्याकाळी भाऊ टाळ्या वाजवत आला. “झकास झालं. चला, आवरा आता. ताई, किल्ल्या दे.”

कुणी हललं नाही. फ्रेमवाला खिळा ठोकत होता. चपलावाली एका लहान मुलीच्या पायात सँडल चढवत होती.

“तुझा माणूस न सांगता येणार आहे ना?” ताई म्हणाली. “मग बंद करून कसं चालेल?”

“तेव्हाचं तेव्हा बघू. तोवर...”

“तोवर आम्ही इथंच आहोत. भाडं जुनं देऊ. तो आम्हाला बघूनच घेतोय, तेव्हा घेतल्यावरही इथंच राहू. काढायचं असेल तर काढ. पण आत्ता काढ, या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. त्यांना सांग काय ते.”

मुलीच्या आईनं मान वर करून भावाकडे पाहिलं. फ्रेमवाल्याची हातोडी थांबली. भावानं आवाज खाली आणला आणि तो टेलरकाकांच्या गाळ्यात गेला. लहानपणी याच काकांनी त्याचे शाळेचे कपडे शिवले होते.

“काका, तुम्ही तरी समजवा तिला. आजचं सगळं दाखवण्यापुरतं होतं. खोटं होतं. माहीत होतं ना तुम्हाला?”

काकांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

“तुझं असेल खोटं,” ते म्हणाले. “मी मापं घेतलीत. लोक शनिवारी न्यायला येणार आहेत.”