उलटी कधी झाली?

“उलटी कधी झाली?” सिस्टरने मान वर न करता विचारलं.

“लगेच,” बाप म्हणाला. “स्फोट झाला आणि लगेचच. थांबतच नव्हती, सिस्टर.”

खरं तर शहरावर अणुबॉम्ब पडला त्या दिवशी मुलगी चांगली चालती-बोलती होती. उलटी झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि तीही एकदाच. पण बापाचा जन्म पाणीपट्टीच्या खिडकीमागे गेला होता. रांगेत गप्प उभ्या राहणाऱ्याचं काम सगळ्यात शेवटी होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. म्हणून दवाखाना थाटलेल्या या शाळेच्या फाटकापासून तो मुलीला बजावत आला होता, तुला विचारलं तर तूही लगेचच म्हण.

सिस्टरने आता कुठे वर पाहिलं. मुलीच्या गालावरून बोट फिरवलं आणि तिच्या मनगटाला एक करडी पट्टी बांधली.

“मागच्या हॉलमध्ये न्या.”

बापाचा जीव भांड्यात पडला. मागे खोळंबलेल्या लोकांकडे त्याला बघवेना. त्यांच्या पुढे निघाल्याची लाज वाटत होती, आणि आनंदही होत होता.

हॉलमध्ये ओळीने गाद्या टाकल्या होत्या. सलाईन एकालाही लावलेलं नव्हतं. एक वयस्कर बाई कापसाच्या बोळ्याने एकेकाचे ओठ ओले करत फिरत होत्या.

“डॉक्टर कधी येतात इथे?”

“इथे नाही येत, दादा.” बाईंनी आवाज खाली आणला. “ज्यांना लगेच उलटी झाली, त्यांच्या अंगात किरणं फार गेलेली असतात. त्यांना काही देऊन उपयोग नाही म्हणतात. औषध आहे थोडंसं. ते उशिरा झालेल्यांसाठी ठेवलंय.”

बापाच्या पायाखालची जमीन सरकली. मुलीला कडेवर उचलून, लोकांना ढकलत, तो पुन्हा टेबलाशी आला.

“सिस्टर, मी खोटं बोललो. लगेच नाही झाली हो हिला. दुसऱ्या दिवशी झाली, एकदाच. तुम्ही लवकर घ्याल म्हणून बोललो. हवं तर रक्त तपासा.”

“तपासायला यंत्र राहिलंय कुठे? सगळं तुमच्या शब्दावर चाललंय.” तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “आणि हॉल बघून आलं, की सगळ्यांनाच उशिरा उलटी झालेली असते.”

“मुलीची शपथ घेतो.”

“काल एकाने बायकोची घेतली होती.”

तरी तिने कात्री उचलली. मुलीचं मनगट हातात घेतलं आणि पट्टीखाली कात्रीचं टोक सरकवलं.

“आमच्या ह्याला आज सकाळीच झाली, सिस्टर,” रांगेतली पुढची बाई न विचारताच म्हणाली. तिच्या खांद्यावरच्या पोराला धड मानही धरवत नव्हती. “त्याआधी अगदी ठणठणीत होता.”

“आमच्या आईलाही आजच,” मागून कोणीतरी म्हणालं.

“आम्हाला तर आत्ता, इथे आल्यावर.”

बापाचं बोलणं फाटकापर्यंत पोचलं होतं. सिस्टर रांगेकडे बघत राहिली. तिला भीती वाटली. आता कोणाला काय विचारायचं, हे तिला सुचेना. तिने मनगट सोडलं आणि कात्री टेबलावर ठेवली.

करडी पट्टी तशीच होती. बापाने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“बाबा,” मुलगी त्याच्या कानाशी म्हणाली, “मग आपण कुठे बसायचं?”