दारापासून पाण्यापर्यंत

उपग्रहाच्या नकाशावर केतकीनं तिसऱ्यांदा अंतर मोजलं. दिवाळीच्या सुट्टीसाठी ठरवलेली धरणाकाठची खोली पाण्यापासून साठ मीटर दूर होती. बाळ नुकतं रांगायला लागलं होतं आणि पाच वर्षांची रेवा पाणी दिसलं की धावत सुटायची.

“अगं, सहलीला चाललोय आपण, जमिनीच्या मोजणीला नाही!” तिचा नवरा बाळाला खेळवत हसला.

तिनं तरीही खोलीच्या मालकांना स्पीकरवर फोन लावून अंतर विचारलं.

“साठ मीटर? ताई, तो फोटो मे महिन्यातला असणार,” ते अभिमानानं म्हणाले. “आता धरण काठोकाठ भरलंय. पाणी थेट पायरीला लागतं. लोक त्यासाठीच येतात!”

बाळाला छातीशी घट्ट धरून नवरा फोनजवळ वाकला.

“काका, दाराची आतली कडी किती उंचावर आहे?”