बावन्न रविवार

प्राप्तीला मिशनच्या शाळेत प्रवेश मिळायला चर्चचं शिफारसपत्र हवं होतं, आणि उद्या शेवटची तारीख होती. रविवारची उपासना संपल्यावर तिची आई, एस्तेर, कमिटीसमोर उभी राहिली.

पारधेबाईंनी हजेरीचं रजिस्टर उघडलं. "बावन्न रविवारांपैकी तू तीनदा आलीस, एस्तेर."

"बाळकुमला एक आजी अंथरुणाला खिळल्यात, त्यांना सांभाळते," एस्तेर पाळकांकडे बघून म्हणाली. "डायपर बदलायचा, भरवायचं. रविवारी घरचे सगळे बाहेर जातात, मग मला सुट्टी मिळत नाही."

"हीसुद्धा सेवाच की," पाळक पुटपुटले.

"पगार घेतला की ते काम झालं, पाळकसाहेब," पारधेबाई म्हणाल्या. "घरदार आम्हालाही आहे. माझा एक तरी रविवार चुकलाय का?"

पाळकांनी प्राप्तीचा फॉर्म मिटून बाजूला ठेवला. एस्तेर बाहेर पडली, चपला शोधू लागली.

मागोमाग पारधेबाई आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, निघ लवकर. आमच्या सासूबाई अजून उपाशी असतील."