ज्वारीच्या कण्या

नवरा गेल्यापासून भीमाबाई जागेपणीही झोपेतच असल्यासारख्या वावरायच्या. ताट पुढं यायचं आणि तसंच परत जायचं. त्या सकाळी रायपूरच्या त्या लहानशा घरात भाजलेल्या ज्वारीचा वास पसरला, मग दुधागुळात कण्या खदखदू लागल्या. भीमाबाईंना वाटलं, वाफेबरोबर अख्खं घरच हळूहळू तरंगून राहिलंय.

सून पिंकीनं तान्ही नात त्यांच्या मांडीवर दिली आणि हातात कोमट वाटी ठेवली. "मम्मी, इसे आप खिला दो. मेरे हाथ से नहीं खा रही."

भीमाबाईंनी चमचा फुंकून पुढं केला. "आ कर, माय." नातीला दाखवता दाखवता त्यांचंही तोंड उघडलं. नातीनं मान फिरवली. पिंकीनं हलकेच सासूचा हात वळवला, आणि तो घास त्यांच्याच तोंडात गेला. पुढच्या घासांना हात वळवावा लागला नाही.

वाटी रिकामी झाली, तेव्हा नात मांडीवर झोपली होती.

"पोट्टी तं उपाशीच राहिली," भीमाबाई ओशाळून म्हणाल्या. "तू मले काहून नाही थांबवलं?"

वाटी घेत पिंकी म्हणाली, "उसका तो कब का हो गया था, मम्मी."